शेलगव्हाणचा भोंगा

“म्हणजे बटण दाबायची गरजच नाही?” रणनवरे साहेबांनी विचारलं.

“नाही सर. तेच तर दाखवतेय.” मी सर्व्हरची वायर भिंतीतून उपसून हातात धरली होती. आतले पंखे घरघरत थांबले. “समजा वीज गेली. बॅटरीही संपली. सगळं बंद पडलं. आता वीज आली.” मी वायर परत खोचली. “आता तुम्हीही हात लावू नका, मीही लावत नाही.”

आम्ही दोघं धरणाच्या कार्यालयातल्या त्या लहानशा खोलीत उभे होतो. रणनवरे तिथले उपअभियंता. खोलीचा एसी बिघडलेला, त्यामुळे ते हातातल्या फायलीने वारा घेत होते. पडद्यावर अक्षरं भराभर वर सरकली आणि थांबली. मी धरणाच्या गेटवरच्या हनीफभाईंना फोन केला, “द्या भोंगा. फक्त शेलगव्हाणला.”

लगेच माझा मोबाइल वाजला. पलीकडे शेलगव्हाणहून इंदरबाई भोई ओरडत होती आणि तिच्या मागे भोंग्याचा आवाज कानठळ्या बसवत होता. “वाजला गं बाई! वाजतुया बघ!”

मी फोन साहेबांच्या कानाला लावला. त्यांनी ऐकलं आणि माझ्याकडे बघत राहिले.

“आपोआप,” ते म्हणाले.

“आपोआप, सर.”

“आणि हे बंद ठेवायचं असेल तर?”

“बंद कशाला ठेवायचंय?”

“नाही, सहज विचारलं.” त्यांनी फाइल बगलेत मारली आणि ते बाहेर गेले. मला वाटलं, माणूस माझं काम बघून चकित झाला.

वाघदरा धरणातून नदीत पाणी सोडलं की खालच्या गावांत भोंगे वाजावेत, असं ते काम होतं. मधे डोंगर असल्याने तारा ओढता येत नव्हत्या. दोन टेकड्यांवर आम्ही वायरलेसच्या तबकड्या उभ्या केल्या होत्या. गेटवरून निघालेला इशारा आधी या सर्व्हरवर यायचा आणि कोणत्या टेकडीवरून कोणत्या गावाला पाठवायचा, हे तिथली राउटिंगची सेवा ठरवायची. एक टेकडी बंद असली तर दुसरीवरून. ही सेवा म्हणजे एक प्रोग्रॅम, बाकी काही नाही. पण तो चालू नसेल तर इशारा सर्व्हरपर्यंत येऊन तिथेच पडून राहणार. म्हणून मी तो बसवताना सर्व्हर चालू झाला की त्याच्याबरोबर हाही चालू झालाच पाहिजे, अशी सोय करून ठेवली होती. त्या भागात वीज दिवसातून अनेकदा जायची. दर वेळी कोण कार्यालयात जाऊन तो चालू करणार होतं?

पाटणकर सरांच्या कंपनीतलं माझं हे पहिलं मोठं काम. सर पुण्यात बसायचे. साइटवर मी एकटी. “चारुशीला, तू बघ सगळं, माझा तुझ्यावर विश्वास आहे,” असं ते म्हणायचे आणि मला ते खरं वाटायचं.

शेलगव्हाणचा खांब नदीच्या काठावर उभा करताना उन्हाने जीव गेला होता. उन्हाळ्यात त्या नदीत पाणी नसतं, नुसती वाळू. त्या वाळूत भोयांची कुटुंबं कलिंगडं, खरबुजं लावतात आणि पात्रातच खोपी घालून राहतात. इंदरबाई आणि तिचा नवरा शिवराम यांची खोप खांबाच्या समोरच, मधल्या खोलगट भागापलीकडच्या उंचवट्यावर होती. माझी माणसं खड्डा खणत होती तेव्हा इंदरबाई वर आली, मला हाताला धरून खाली घेऊन गेली आणि तिने वेलावरचं कलिंगड मुठीने फोडून पुढ्यात ठेवलं.

“खा. तोंड बघ कसं झालंय.”

शिवराम बाजेवर बसून सुतळी वळत होता. त्याला भोंग्याचं फारसं कौतुक नव्हतं.

“पाणी कवा सोडत्यात ते आम्हाला ठावं हाय,” तो म्हणाला. “खालच्या शहराला प्यायला पाणी कमी पडलं की सोडत्यात. आदुगर फटफटीवरनं माणूस यायचा, कर्णा घिऊन. नदी सोडा, नदी सोडा करीत जायचा. आमी बाजलं, पाण्याचं इंजिन, शेरडं घिऊन वर जायाचो. तो बरा हुता. माणूस दिसायचा.”

“माणूस आजारी पडतो, काका. गाडी पंक्चर होते.”

“आन् तुझा भोंगा? लाइट गेली मंग?”

“खांबावर बॅटरी आहे. आणि तिकडची लाइट गेली तरी आली की सगळं आपोआप चालू होतं. कुणी हात लावायला नको.”

“कुणीच न्हाई?”

“कुणीच नाही.”

“मंग विसरायचा परशनच न्हाई,” इंदरबाई नवऱ्याला म्हणाली. “माणूस विसरतो. आता गप बस तू.”

तो हसला आणि सुतळी वळू लागला. मी त्यांना बजावून सांगितलं, भोंगा वाजला की इंजिन नाही, बाज नाही, काही नाही, फक्त माणसं आणि जनावरं घेऊन वर यायचं. इंदरबाईने शेजारच्या सगळ्या खोपींतल्या बायकांना बोलावून मला ते परत सांगायला लावलं.

काम संपलं, तपासणी झाली, सगळं चालतंय असं सगळ्यांनी बघितलं आणि मी जालन्याला दुसऱ्या कामावर गेले. वाघदऱ्याकडे माझं लक्ष उरलं नव्हतं, कारण तिथे लक्ष द्यावं लागू नये म्हणूनच तर मी एवढं केलं होतं.

एप्रिलमध्ये एका दुपारी हनीफभाईंचा फोन आला. तो गंभीर, मोजकं बोलणारा माणूस. त्या दिवशी त्यांना धड बोलता येत नव्हतं.

“मॅडम, काल भोंगा वाजला नाही.”

“कुठला?”

“कुठलाच नाही. मी पाणी सोडायच्या आधी बटण दाबलं. पडद्यावर इशारा पाठवला असं आलं. हिरवी अक्षरं आली, मॅडम. मी थांबलो, नेहमीसारखा थांबलो, आणि मग गेट उचललं. खाली कुणाला काही कळलंच नाही.”

“तो फटफटीवाला?”

“त्याला बंद केला ना. नवीन यंत्रणा आली म्हणून तोंडी सांगितलं साहेबांनी.” मग ते म्हणाले, “शेलगव्हाणचा एक माणूस गेलाय.”

मी मिळेल त्या एसटीने निघाले. दुसऱ्या दिवशी कार्यालयात पोचले तेव्हा तिथे कुणीच नव्हतं, शिपायाने खोली उघडून दिली. सर्व्हर चालू होता, पंखे फिरत होते. राउटिंगची सेवा बंद होती. मला वाटलं, काही बिघडलं असेल, माझ्या हातून एखादी गोष्ट राहिली असेल. मी बघत गेले, बघत गेले, आणि बिघाड कुठेच नव्हता. कुणीतरी सेवा बंद केली होती. आणि नुसती बंद केली नव्हती, सर्व्हरबरोबर ती आपोआप चालू होण्याची जी सोय मी केली होती ती काढून टाकली होती.

त्या सर्व्हरचा पासवर्ड दोनच माणसांकडे होता. एक मी.

मी तिथूनच फोन लावला. “सर, वाघदऱ्याची सेवा तुम्ही बंद केलीत?”

पाटणकर सरांनी उलट विचारलं, “तू आता कुठे आहेस?”

“त्याच खोलीत. तुम्ही बंद केलीत?”

“हे बघ, तू आधी शांत हो. रणनवरेंनी सांगितलं म्हणून मी इथून तात्पुरती बंद केली होती.”

“कशासाठी?”

“आपण समोरासमोर बोलू.”

“सर, कशासाठी?”

“चारुशीला, फोनवर नको. तोवर तिथल्या कशालाही हात लावू नकोस. उद्या मी येतोय. गावात अधिकाऱ्यांची बैठक आहे. तुलाही कंपनीच्या वतीने दोन वाक्यं बोलायची आहेत. काय बोलायचं ते मी सांगतो.”

त्या संध्याकाळी मी शेलगव्हाणला गेले. जायला नको होतं, तरी गेले. शिवराम कसा गेला ते मला तिथे कळलं. इंदरबाई कलिंगडांची पाटी घेऊन हमरस्त्यावर विकायला बसली होती. तो जेवून खोपीत आडवा झाला होता. पाणी आलं ते भिंतीसारखं नाही, गुपचूप आलं. आधी मधला खोलगट भाग भरला. खोप उंचवट्यावर, तिथे काहीच नाही. बाकीच्या खोपी काठाला लागून होत्या, ते लोक पळाले. काठावरून माणसं ओरडत होती तेव्हा तो जागा झाला. तोवर चहूबाजूंनी पाणी. त्याने शेरडं सोडली, ती पोहत आली. मग तो उतरला. दुसऱ्या दिवशी खालच्या बंधाऱ्याच्या फळ्यांपाशी सापडला.

इंदरबाई भावाच्या घराच्या ओट्यावर बसली होती. मला बघून ती रडली नाही, ओरडली नाही.

“तू म्हणालीस कुणी हात लावायला नको,” ती म्हणाली.

“हो, मावशी.”

“मंग?”

मी म्हटलं, “उद्या सांगते. उद्या सगळ्यांसमोर सांगते.”

“उद्या,” ती म्हणाली आणि तिने तोंड फिरवलं.

बैठक शाळेच्या पटांगणात होती, कडुनिंबाखाली. खांब तिथून दिसत होता. सकाळीच पाटणकर सर गाडीतून उतरले आणि मला बाजूला घेऊन गेले. त्यांच्या अंगावर इस्त्रीचा पांढरा शर्ट होता, हे मला अजून आठवतं, कारण मी सगळा वेळ त्या शर्टाच्या बटणाकडे बघत होते. चेहऱ्याकडे बघितलं असतं तर मी तिथेच काहीतरी करून बसले असते.

“हे बघ, मंत्र्यांच्या हस्ते उद्घाटन ठरलं होतं,” ते म्हणाले. “त्यांनी स्टेजवर बटण दाबायचं आणि सगळ्या गावांत एकदम भोंगे वाजायचे. टीव्हीवाले येणार होते. यंत्रणा आधीपासूनच चालू असेल तर उद्घाटन कसलं? रणनवरे म्हणाले, तोवर बंद ठेवा. मी नुसती बंद केली होती गं. पण लाइट गेली की तुझं ते आपोआप पुन्हा चालू व्हायचं. मग तेही काढावं लागलं.”

“काढावं लागलं.”

“आठवडाभराचा प्रश्न होता. मंत्र्यांची तारीख पुढे गेली. मग परत पुढे गेली. मधेच शहराला पाणी सोडायचा हुकूम आला. रणनवरेंच्या डोक्यातून निघून गेलं. कुणाच्या मनात होतं का असं?”

“आणि फटफटीवाल्याला का बंद केलं?”

“तो त्यांचा विषय.”

“हनीफभाईंना तरी सांगितलं होतं, की हे बंद आहे?”

त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. “तू एवढंच म्हण, सर्व्हरमध्ये तांत्रिक बिघाड झाला आणि तो आता दुरुस्त केला आहे. बाकी मी बघतो. हे खोटं नाही. बंद होतं म्हणजे बिघाडच की.”

मी त्यांचा हात खाली केला. तोवर मला राग म्हणजे काय ते माहीत नव्हतं. त्या दिवशी माझे कान तापले, दात एकमेकांवर रुतले आणि डोकं मात्र विलक्षण साफ झालं. मी जाऊन सांगितलेल्या खुर्चीवर बसले.

रणनवरेंनी उभं राहून वाचून दाखवलं. सुरुवातीला दुःख व्यक्त केलं. मग नदीपात्रात राहणं बेकायदा आहे, हे सांगितलं. मग तांत्रिक बिघाड. आणि मग म्हणाले, “तसेच गेटवरील कर्मचारी हनीफ मुल्ला यांनी इशारा पोचल्याची खात्री न करता गेट उघडले, हे प्रथमदर्शनी दिसून येते.”

हनीफभाई मागे, सायकलींपाशी उभे होते. त्यांनी मान खाली घातली. तो माणूस खरंच स्वतःला दोषी समजत होता, हे बघून मला बसवेना.

“आता कंपनीच्या मॅडम तांत्रिक माहिती देतील,” साहेब म्हणाले.

मी उठले. “बिघाड झाला नव्हता,” मी म्हणाले.

पाटणकर सर दबक्या आवाजात म्हणाले, “चारुशीला.”

“बिघाड झाला नव्हता. यंत्रणा चालू होती, तुम्ही सगळ्यांनी भोंगा ऐकलाय. ती मुद्दाम बंद केली. हनीफभाईंनी बटण दाबलं होतं, पण पुढे काही जाणारच नव्हतं आणि त्यांना हे कुणी सांगितलं नव्हतं.” मी रणनवरेंकडे बोट दाखवलं. “यांनी बंद करायला सांगितली. आणि यांनी,” मी पाटणकर सरांकडे वळले, “पुण्यात बसून बंद केली. वीज आली की आपोआप सुरू व्हायची, तर तेही काढून टाकलं. मंत्र्यांनी येऊन बटण दाबायचं होतं म्हणून. तारीख मिळत नव्हती म्हणून.”

“मॅडम, तुम्ही जबाबदारीने बोला!” रणनवरे ओरडले. “पुरावा आहे का तुमच्याकडे?”

“तुमच्या शेजारी बसलाय पुरावा. विचारा त्यांना. आत्ता माझ्यासमोर सांगितलंय त्यांनी. विचारा ना सर!”

पाटणकर सर आपल्या बुटांकडे बघत बसले. ते गप्प बसले आणि सगळ्या पटांगणाला कळलं. मागून कुणीतरी शिवी हासडली. माणसं उठायला लागली, खुर्च्या पडल्या.

इंदरबाई बायकांमधून उठून पुढे आली. तिला वाट मिळत गेली.

“म्हंजे मंत्र्यानं बटण दाबायचं राहिलं हुतं,” ती मला म्हणाली. “फकस्त तेवढंच?”

“तेवढंच, मावशी.”

तिने रणनवरेंकडे पाहिलं. परत माझ्याकडे वळली.

“तू चालू कर. आत्ता. हितं.”

माझ्या पिशवीत लॅपटॉप होता. खांबाच्या पेटीतून सर्व्हरपर्यंत पोचता यायचं. तिथे जायला तो प्रोग्रॅम लागत नव्हता, टेकडीवरून वायरलेसची एक सरळ वाट मी दुरुस्तीसाठी वेगळी ठेवली होती. मी खांबाकडे चालू लागले आणि सगळं गाव मागे आलं. पाटणकर सर धापा टाकत माझ्या बाजूने चालत होते.

“हात लावू नकोस. उद्घाटनाची तारीख आलीय, पुढच्या सोमवारची. वरून सांगितल्याशिवाय हात लावलास तर तुझी नोकरी गेली समज. परत कुठे उभी राहणार नाहीस तू.”

“ठीक आहे,” मी म्हणाले.

आणि नोकरी गेलीच, ते इथेच सांगून टाकते. पुढची काही वर्षं मी जिथे जाईन तिथे आधी त्यांचा फोन पोचलेला असायचा. हनीफभाईंचं निलंबन मात्र टळलं, भर गावात पाटणकर गप्प बसले ते पुसता आलं नाही. उद्घाटन झालं नाही. रणनवरेंची बदली झाली आणि कालांतराने ते शाल-श्रीफळ घेऊन निवृत्त झाले. अहवालात काय लिहिलं गेलं ते मी विचारायला गेले नाही. आजही एखाद्या स्टेजवर कुणी पाहुणा रिमोटने कसली तरी कळ दाबताना दिसला की मी तिथून उठते.

पेटीचं कुलूप उघडून मी लॅपटॉप जोडला. गुडघ्यावर ठेवून दोन ओळी लिहिल्या. पहिलीने सेवा चालू झाली. दुसरीने ती इथून पुढे कुणी न सांगता चालू राहणार होती. मग पाटणकरांचा पासवर्ड काढून टाकला. त्यानंतर मी हनीफभाईंकडे पाहिलं. ते गर्दीत होते, त्यांनी मान हलवली, आणि मी शेलगव्हाणचा इशारा पाठवला.

डोक्यावर भोंगा कडाडला. पोरांनी कान झाकले. रणनवरेंनीही झाकले. आवाज काठावरून पात्रात गेला आणि पलीकडच्या दरडीवर आपटून परत आला.

“बंद करा ते!” रणनवरे मला खुणा करत होते. “लोक घाबरतील!”

मी हात पुढे केला, तर इंदरबाईने माझं मनगट धरलं. तिचा हात वाळूने खरखरीत झालेला होता. “ऱ्हाऊ दे,” ती म्हणाली. मला ते ऐकू आलं नाही, ओठांवरून कळलं. रणनवरे स्वतः पेटीकडे आले तेव्हा ती त्यांच्या आणि पेटीच्या मधे जाऊन उभी राहिली. पाठ पेटीला टेकवून. त्यांना तिच्या अंगाला हात लावायची हिंमत झाली नाही.

आणि मग कुणीतरी नदीकडे बोट दाखवलं.

सोडलेलं पाणी एव्हाना ओसरलं होतं. खालच्या अंगाची माणसं पुन्हा पात्रात उतरली होती, पोट कुणाला चुकलंय. बैठकीची त्यांना खबर नव्हती. ती वर येत होती. बायका पोरांना काखेत मारून पळत होत्या. एक म्हातारा शेरडाचं दावं धरून ओढत होता, ओढता येईना म्हणून त्याने ते खांद्यावर घेतलं. एकाने हातातलं खुरपं तिथेच टाकलं. बाज, इंजिन, कलिंगडांचे ढीग, सगळं वाळूत तसंच सोडून माणसं काठ चढत होती, मी सांगितलं होतं अगदी तसं. वर पोचल्यावर ती वळून नदीकडे बघायची आणि पाणी दिसत नाही म्हणून आमच्याकडे बघायची.

शेवटचा माणूस वर आल्यावर इंदरबाई बाजूला झाली. मी भोंगा बंद केला. वर आलेल्या माणसांना लागलेली धाप तेवढी ऐकू येत होती. इंदरबाई त्यांच्यातल्या एकेकाकडे बघत होती. शेरडू खांद्यावर घेतलेल्या त्या म्हाताऱ्यापाशी तिची नजर थांबली.

“असाच आला असता वर,” ती म्हणाली.